आजोबांची ट्रंक आणि मोहन बागान

या महिन्यात नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांचा विषय एकच निघाला. घरातल्या वडीलधाऱ्याने जन्मभर एका फुटबॉल संघावर जीव लावला, आता त्या प्रेमाचं घरात साठलेलं सामान कसं सांभाळायचं आणि त्या माणसाला कसं सांभाळायचं? सहाही घरांत संघ कोलकात्याचा मोहन बागान आहे. रेल्वे, लष्कर, ओझरचा विमान कारखाना अशा नोकऱ्यांनी इथली माणसं बंगालात गेली किंवा बंगाली कुटुंबं शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. शिवाय रोव्हर्स चषकासाठी हा संघ मुंबईला कूपरेज मैदानावर यायचा, आणि नाशिकरोडहून सकाळची गाडी धरली की सामना गाठता यायचा.

प्रश्न : आमचे आजेसासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी रेल्वेत खडगपूरला होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोहन बागानच्या कात्रणांच्या चौदा चिकटवह्या आहेत. कागद तपकिरी झालाय, कडा तुटतात, दोन वह्यांना कसर लागलीय. सगळं लॅमिनेशन करून घ्यावं का? (नातसून, जेल रोड)

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. गरम रोलरखालून गेलेला कागद प्लास्टिकला कायमचा चिकटतो, आणि आतलं आम्ल आतच राहिल्याने त्याचं तपकिरी होणं काही थांबत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा असतो. त्यात लिग्निन उरतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल वाढतं आणि तंतू तुटायला लागतात. हे पूर्ण थांबत नाही, पण वेग पुष्कळ कमी करता येतो.

आधी क्रम ठरवा. छापलेला मजकूर ग्रंथालयांत, वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत कुठेतरी असतो. आजोबांनी समासात शाईने काय लिहिलंय, गोल कितव्या मिनिटाला झाला, पाऊस होता का, बरोबर कोण होतं, हे मात्र जगात या एकाच ट्रंकेत आहे. त्यांचं अक्षर असलेली पानं पहिल्यांदा हाताळा. नुसती कात्रणं वर्षभराने केली तरी चालतील.

काम पावसाळ्यात काढू नका. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा यासाठी उत्तम. एका बैठकीला एकच वही घ्या. पानाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने वहीचा आणि पानाचा क्रमांक घाला. नंतर सुटलेला तुकडा कुठला, हे त्याशिवाय कळणार नाही.

गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल ओढून काढू नका. पान पालथं करा, स्टेपलच्या पायांखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा, बोथट सुरीने पाय उभे करा आणि मग पुढून अलगद उचला. जुन्या सेलोटेपचं प्लास्टिक आपोआप निघालं तर काढा, पिवळा डाग राहू द्या. त्यावर थिनर, पेट्रोल किंवा हेअर ड्रायर वापरला की गोंद पातळ होऊन कागदात आणखी मुरतो आणि पेनची शाई पसरते. खळीने चिकटवलेलं कात्रण पाण्याने सोडवायचा मोहही आवरा. खळ पाण्याने सुटते हे खरं, पण फाउंटन पेनची निळी शाई तिच्याही आधी सुटते.

आता कसर. ती खळीतल्या पिष्टासाठी येते, म्हणून चिकटवह्या तिला विशेष प्रिय. लागलेली वही जाड झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. तापमान उणे १८ अंश किंवा त्याखाली हवं. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. लगेच उघडली तर थंडगार कागदावर दव धरतं आणि कसर जाऊन बुरशी येते. या उपायाने कीड मरते, बुरशी मरत नाही. बुरशी असेल तर वही आधी वाऱ्यावर सावलीत सुकवा, मग तोंडाला मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झाडा.

स्कॅनिंग करताना कात्रणाच्या मागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागच्या बाजूची छपाई आरपार दिसणार नाही. मजकूर ३०० डीपीआयवर पुरतो, हस्ताक्षर आणि छायाचित्रांना ६०० घ्या. वर्तमानपत्रातला फोटो ठिपक्यांचा असतो. कमी डीपीआयवर त्यात लाटांसारखी नक्षी उमटते. ६०० वर घेऊन नंतर लहान केला की ती बरीच जाते. वही सपाट उघडत नसेल तर स्कॅनरवर दाबू नका, शिवण फाटेल. खिडकीजवळ ऊन नसलेल्या उजेडात मोबाइल पानाशी अगदी समांतर धरून फोटो काढा.

परत ठेवताना दोन पानांमध्ये पांढरा आम्लरहित कागद घाला, नाहीतर एका कात्रणाची तपकिरी सावली समोरच्या पानावर उमटते. उग्र वासाची, रेक्झिनसारखी मऊ प्लास्टिक कव्हरं टाळा, कारण छपाईची शाई त्यांना चिकटून निघते. ट्रंक माळ्यावर नको. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली भट्टी होते. न्हाणीघराच्या भिंतीलाही नको. मधल्या खोलीत, लाकडी पाटांवर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास कागदात बसतो आणि आजोबांना वही उघडून वाचताही येणार नाही.

प्रश्न : मामांकडे ऐंशीच्या दशकातल्या बावीस कॅसेट आहेत. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी सामन्यांची कॉमेंट्री घरीच भरली होती. मोबाइलमध्ये घेता येईल का? (भाची, पंचवटी)

उत्तर : येईल. पण कॅसेट वाजवायच्या आधी एक काम करा. वरच्या कडेला दोन टोकांना दोन छोट्या चौकोनी पट्ट्या असतात, त्या पेचकसाने मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

कॅसेट प्रकाशात धरून पाहा. टेपच्या उघड्या बाजूला मध्यभागी फेल्टची इवलीशी गादी असते. ती गळून पडली असेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. अशा वेळी टेपची दोन्ही चाकं पाच स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटमध्ये बदलून घ्यायची. जुन्या बाजारात कोरी किंवा भरलेली स्वस्त कॅसेट त्यासाठी चालते, फक्त ती स्क्रूची हवी, चिकटवलेली नको. टेपला बोट लावू नका. कॅसेट नव्वद किंवा एकशेवीस मिनिटांची असेल तर जास्त जपा, कारण जास्त वेळाची टेप जास्त पातळ असते आणि तीच मशीनमध्ये गुंडाळते.

प्लेअर चांगला दुरुस्त करून घेतलेला हवा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा, दर तीन-चार कॅसेटनंतर पुन्हा पुसा. मग प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली गुंडाळी सैल होते आणि लगेच वाजवायला घेतली तर अडकते. आवाज बसका येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून बघा. खरखर सर्वांत स्पष्ट ऐकू येते ती जागा बरोबर. दुसऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला हे बहुतेक वेळा करावं लागतं.

प्लेअरच्या लाइन आउटमधून, नसेल तर हेडफोनच्या भोकातून, वायर संगणकाच्या लाइन इनमध्ये घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. रेडिओचा आवाज तसाही मोनोच होता. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एका तासाला साधारण ३०० एमबी लागतात. मोबाइलसाठी एमपी३ची वेगळी प्रत काढा.

मूळ फाइलवर खरखर काढायचं फिल्टर लावू नका, ही कळकळीची विनंती. प्रेक्षकांचा गजर आणि टेपची खरखर सॉफ्टवेअरला बरीचशी सारखीच वाटते. फिल्टर लावला की निवेदक स्वच्छ ऐकू येतो आणि त्याच्यामागचं भरलेलं मैदान गायब होतं. समोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या या कॅसेटमध्ये तुमचं घरही आहे, कुकरची शिट्टी, मामांचं ओरडणं, कदाचित आजीचा आवाज. ते कापू नका. कुठल्या मिनिटाला घरातलं कोण बोलतंय हे मामांना ऐकवून लिहून ठेवा, कारण आणखी दहा वर्षांनी तो आवाज ओळखणारं कुणी नसेल.

प्रश्न : बाबांची हिरवी-मरून जर्सी फ्रेम करायची आहे. धुवावी का? आणि ती नेमकी कधीची हे कसं ओळखावं? क्लबचं नाव बदललं म्हणून बाबा रागावलेत, तर फ्रेमवर नाव कुठलं लिहू? (मुलगा, ओझर)

उत्तर : धुण्याआधी रंग तपासा. आतल्या शिवणीजवळ ओला पांढरा सुती कपडा दहा मिनिटं दाबून ठेवा, हिरव्यावर वेगळा आणि मरूनवर वेगळा. जरा जरी रंग उतरला तर धुऊ नका. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने जुना रंग पक्का होत नाही. उतरला नाही तर गार पाण्यात सौम्य द्रव साबण घालून, न पिळता धुवा आणि सावलीत आडवी वाळत घाला. चिखलाचा डाग ब्लीचने काढू नका. तो कुठल्या तरी सामन्याचा असेल, तर बाबांना आधी विचारा.

फ्रेम खोक्यासारखी खोल हवी, दीड-दोन इंच, म्हणजे कापड काचेला टेकणार नाही. टेकलं की पावसाळ्यात तिथे ओल धरते. मागच्या पुठ्ठ्यावर धुतलेलं कोरं मांजरपाट ताणून लावा आणि जर्सी खांद्याच्या शिवणीतून सुती दोऱ्याने मोठ्या टाक्यांनी टाचा. फेव्हिकॉल, दुहेरी चिकटपट्टी, टाचण्या यांतलं काही नको. समोरच्या भिंतीवर ऊन येत असेल तर ती भिंत सोडा.

काळ ओळखायला छातीवरचं नाव बघा. मॅकडॉवेल हे प्रायोजकाचं नाव असेल तर जर्सी १९९८ किंवा त्यानंतरची. एटीके मोहन बागान हे नाव एटीके या कोलकात्याच्याच संघाशी २०२० मध्ये झालेल्या एकत्रीकरणानंतरचं, आणि मोहन बागान सुपर जायंट हे २०२३ पासूनचं. बाबांचा राग समजण्यासारखा आहे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या क्लबच्या नावापुढे दुसरं नाव लागलं, तेव्हा असंख्य समर्थकांना ते लागलं होतं, आणि २०२३ मध्ये ते काढलं गेलं यामागे त्यांचाच रेटा होता. मधल्या काळातही रंग हिरवा-मरूनच होता आणि चिन्हावर शिडाची नाव होती, हे त्यांना जरूर दाखवा. फ्रेमवर जर्सीच्या काळातलं नाव लिहा. ती २०२० च्या आधीची असेल तर नुसतं मोहन बागान.

प्रश्न : सासऱ्यांची बायपास झालीय. ईस्ट बंगाल या कट्टर प्रतिस्पर्धी संघाविरुद्धचा सामना असला की ते थरथरतात. टीव्ही बंद ठेवावा का? (सून, इंदिरानगर)

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचे सामने होते त्या दिवशी म्युनिक भागात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या अडीचपटीहून जास्त झाल्या, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त होता. पण टीव्ही बंद केला तर ते शेजारी जाऊन बघतील किंवा आत बसून निकालाची वाट पाहत कासावीस होतील.

डॉक्टरांना सामन्याआधीच नेमकं विचारा: संध्याकाळच्या गोळ्या सामन्याच्या किती आधी घ्यायच्या, रक्तदाब किती असला तर बसू द्यायचं नाही, आणि छातीत दुखलं तर जिभेखालची गोळी त्यांच्यासाठी आहे का. गोळी चुकते ती बहुतेक सामन्याच्या गडबडीतच. जेवण हलकं आणि आधी उरका. खोलीत ते एकटे नकोत. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप यांतलं काही झालं तर मध्यंतराची वाट न बघता १०८ ला फोन करा.

आणखी एक. मोबाइल ॲपवरचं प्रक्षेपण टीव्हीच्या पुष्कळदा अर्धा मिनिट मागे असतं. गोल व्हायच्या आधीच नातेवाइकांचा अभिनंदनाचा फोन आला की सासऱ्यांचा जीव उगाच खालीवर होतो. त्यांचा फोन त्या दोन तासांपुरता तुमच्याकडे ठेवा. वाहिनी आणि ॲप हंगामागणिक बदलतात, म्हणून पहिल्याच सामन्याच्या दोन दिवस आधी सगळं लावून बघा.

प्रश्न : आजोबांना एकदा कोलकात्याला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना दाखवायचाय. वय एक्क्याऐंशी, काठी घेऊन चालतात. झेपेल का? (नात, देवळाली कॅम्प)

उत्तर : नीट आखणी केली तर झेपेल, आणि ही हौस पुरी कराच. हंगाम निवडताना ड्युरंड चषक टाळा, तो सहसा जुलै-ऑगस्टच्या पावसात येतो. हिवाळ्यातला लीगचा सामना बघा.

नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल नाशिकरोडला थांबते, प्रवास तीस तासांच्या आसपासचा आहे. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो ज्येष्ठ प्रवासी एकटा असेल किंवा तिकिटावर फक्त दोन ज्येष्ठ असतील तरच लागू होतो. सगळ्या कुटुंबाचं एकच तिकीट काढलं की तो जातो आणि आजोबांच्या वाट्याला वरचा बर्थ येऊ शकतो. त्यांचं तिकीट वेगळं काढा, डबा तोच मागा.

सामन्याच्या अलीकडे दोन आणि पलीकडे एक असे मोकळे दिवस ठेवा. या सामन्याची तारीख पोलीस बंदोबस्तावर अवलंबून असते. १८ ऑगस्ट २०२४ चा ड्युरंडमधला सामना त्याच कारणाने रद्द झाला होता. परतीचं तिकीट सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं काढू नका.

सामना सॉल्ट लेकच्या विवेकानंद युवा भारती क्रीडांगणात असतो. हावड्याहून मेट्रोची हिरवी मार्गिका थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्थानकापर्यंत जाते. तिकीट घेताना गॅलरी मोहन बागानचीच आहे ना, हे दोनदा तपासा. हिरवा-मरून मफलर घातलेले आजोबा ईस्ट बंगालच्या लाल-सोनेरी गर्दीत बसले तर सामन्याचा आनंद राहणार नाही. खालच्या भागातली, जिन्याच्या कठड्याजवळची जागा घ्या. पाण्याची बाटली, नाणी, कधी पॉवर बँकही फाटकावर काढून घेतात, म्हणून औषधं चिठ्ठीसह पारदर्शक पिशवीत ठेवा. दीड तास आधी आत जा. स्वच्छतागृहाला मध्यंतरात नव्हे, चाळिसाव्या मिनिटाला न्या. सामना संपल्यावर अर्धा तास जागेवरच बसून राहा. चेंगराचेंगरीचा धोका बाहेर पडतानाच असतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात सोळा प्रेक्षक जिवाला मुकले होते, आजोबांना ते आठवत असेल.

आदल्या दिवशी सकाळी त्यांना मैदान भागातल्या क्लबच्या तंबूपाशी न्या, ईडन गार्डन्सपासून जवळच आहे. २९ जुलै १९११ ला ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या अकरा जणांत बूट घातलेला एकच खेळाडू होता, हे ते तिथे तुम्हाला पुन्हा एकदा सांगतील. सांगू द्या. आणि संघ जिंकला तर रात्री कोळंबी खायला घाला, मोहन बागानच्या घरांत विजयाचं जेवण तेच असतं.

प्रश्न : काका सांगतात, मोहन बागानने पेलेच्या संघाला हरवलं होतं. चुलत भावाने फोनवर २-२ दाखवलं. काका दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या होत्या, आता कसं सुरू करू? (पुतण्या, गंगापूर रोड)

उत्तर : निकाल २-२ हाच आहे. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, समोर पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस. पण काकांची आठवण निराधार नाही. मोहन बागान २-१ ने पुढे होता आणि कॉसमॉसने बरोबरी साधली ती पेनल्टीवर, जिच्याबद्दल बागानचे लोक आजही वाद घालतात. काकांच्या मनात सामना त्या पेनल्टीच्या आधीच संपला असणार.

म्हणून मुलाखतीत निकाल विचारू नका. तुम्ही कुठे होतात, बरोबर कोण होतं, रेडिओ कुणाचा होता, मैदान किती ओलं होतं, असं विचारा. त्याच वर्षी संघाने आयएफए शील्ड, ड्युरंड आणि रोव्हर्स हे तिन्ही चषक जिंकले. रोव्हर्सला काका कूपरेजवर गेले होते का, हे तर नक्की विचारा. हातात जुनं कात्रण किंवा तिकिटाचा तुकडा दिला की बोलणं आपोआप सुरू होतं. पंखा बंद करा, फोन मऊ रुमालावर त्यांच्यापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि विमान मोडवर टाका. पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त एका वेळी नको. ते बोलत असताना दुरुस्ती करायची नाही. नंतर वहीत दोन रकाने करा, एकात काका सांगतात ते, दुसऱ्यात छापील नोंद. दोन्ही ठेवायचे.

सुरुवात त्या पेनल्टीपासूनच करा. काकांसमोर बसा, आधी रेकॉर्डिंग चालू करा आणि मग विचारा: रेफ्रीने तेव्हा शिटी का वाजवली?